कागदावरची भाकरी

मुलाला मधुमेह झालाय हे आईबापांना सांगायचं काम डॉक्टरांचं. ते सांगून डॉक्टर पुढच्या पेशंटकडे जात आणि मग ती दोघं माझ्या खोलीत येऊन बसत. खोली म्हणजे औषधांच्या कपाटामागची जागा. एक टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतीवर पोटातल्या अवयवांचं रंगीत चित्र. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका लहान मुलांच्या दवाखान्यात मी परिचारिका म्हणून एकोणतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा या टेबलामागे. 'सुईवाल्या सिस्टर' असं माझं नाव पडलं होतं. मुलं त्याहून वेगळं काही म्हणत असतील, पण ते मी कधी विचारायला गेले नाही.

मुलांचा मधुमेह हा मोठ्यांच्या मधुमेहासारखा नसतो, हे पहिल्यांदा समजावून द्यावं लागतं. आपण जेवतो त्यातली साखर रक्तात येते. ती शरीराला वापरता यावी म्हणून इन्शुलिन लागतं, आणि या मुलांचं शरीर ते तयार करणंच बंद करतं. गोड खाल्ल्यामुळे हा आजार होत नाही, आईच्या हातून काही चुकल्यामुळेही होत नाही. झाला की जन्मभर राहतो. रोज चार वेळा सुई, दिवसातून पाच-सहा वेळा बोटाला टोचून साखर पाहणं, आणि प्रत्येक घास मोजणं. इन्शुलिन खाण्यापेक्षा जास्त झालं तर साखर उतरून मूल बेशुद्ध पडतं. कमी झालं तर साखर चढत जाते आणि तेही जिवावर बेततं. दवाखान्यात हे सांभाळायला शिकलेली माणसं असतात. घरी गेल्यावर ते सगळं एका आईच्या किंवा बापाच्या हातात येतं, आणि त्या हाताला तयार करायला मला दोन-तीन दिवस मिळत.

बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असे, "कोर्स किती दिवसांचा आहे?" एका प्राथमिक शिक्षकांनी पंधरा दिवसांची रजा टाकली होती आणि रजेतच सगळं उरकेल ना, असं विचारलं होतं. मी "नाही" म्हटल्यावर त्यांनी खिशातून पेन काढून "सांगा" म्हटलं. कापडाचे माग चालवणाऱ्या एका घरातली तेलुगू आजी सुई हातात धरून तिच्याशीच पुटपुटत बसली होती. मला वाटलं, हिला काही जमायचं नाही. तिनं नातवाला अशी सुई दिली की त्याला कळलंसुद्धा नाही. हिशेब खात्यातले एक गृहस्थ मुलीची साखर तीन प्रतींत लिहून आणत, एक डॉक्टरांना, एक मला आणि एक घरी ठेवायला. कोण कसं निघेल याचा माझा अंदाज फार वेळा चुकला आहे.

माझा स्वभाव तिखट. आमचे हे म्हणायचे, तू घरी आलीस की दवाखान्याला बरं वाटत असेल. पण त्या टेबलावर मी नुसतं गोड बोलत राहिले असते तर मुलं हातची गेली असती, असं माझं मत होतं आणि आजही आहे. आईबापांना धाक हवा. थोडी ढिलाई झाली की त्याची किंमत मूल भरतं. म्हणून मी वही तपासायची, उलटसुलट प्रश्न विचारायची आणि खोटं पकडलं की सोडायची नाही. त्या तिखटपणानं मी एकदा काय करून ठेवलं, ते आता लिहून टाकते.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. महाशिवरात्रीच्या सुमारास सात वर्षांची पल्लवी आमच्याकडे आली ती धापा टाकतच. चार दिवस अतिदक्षता विभागात होती. महिनाभर ती पाणी पाणी करत होती, पण सोलापूरचं ऊन तापायला लागलं होतं, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. शाळेत सारखी बाहेर जायला मागते म्हणून बाईंची तक्रार आली. मोरीत तिच्या लघवीला मुंग्या लागायला लागल्या तेव्हा तिची आई सुरेखा चक्रावली, आणि दुसऱ्या दिवशी पोर उठेना.

सुरेखा मूळची मंगळवेढ्याकडची, सातवीपर्यंत शिकलेली. शहरात एका भाकरी केंद्रात काम करायची. बाहेरगावच्यांसाठी सांगते, आमच्याकडे ज्वारीच्या कडक भाकरी पाकिटात भरून विकतात, आणि त्या करायला बायका लागतात. नवरा दत्ता चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पाळीवर. तो माझ्या खोलीत आला आणि सुई पाहून बाहेर निघून गेला. दारापलीकडे बाकावर बसून राहिला, दोन्ही हात गुडघ्यांत घालून.

सुरेखानं कोर्स किती दिवसांचा, हे विचारलं नाही. तिनं विचारलं, "सिस्टर, ह्ये माज्यामुळं झालं का? लई गूळ-शेंगा खायाला द्यायची मी तिला."

मी तिला नाही म्हणून सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. मग तिनं मान हलवली आणि हात पुढं केला. "सुई द्या. पर आदी मला टोचून घेऊ द्या. पोरीला किती दुकतंय ते कळलं पायजे की."

मी तिला नवी कोरी सुई दिली, औषध न भरलेली. तिनं पोटाची कातडी चिमटीत धरली, सुई टोचली आणि मनातल्या मनात दहा मोजले, औषध भरून देताना मोजायचे तसे. चेहरा हलला नाही. सुई काढून ती म्हणाली, "मुंगीपरीस जादा हाय, इंचवापरीस लई कमी." मग उठून वॉर्डात गेली आणि पल्लवीला हेच शब्द सांगितले. पल्लवीनं विंचू कधी पाहिलेला नव्हता, पण आईनं आधी स्वतःला टोचून घेतलंय म्हटल्यावर तिनं फ्रॉक वर केला. माझ्या इतक्या वर्षांत एवढ्या शांतपणे पहिली सुई दिलेली मी पाहिली नव्हती.

घरी जाताना मी प्रत्येकाला द्यायची ते सगळं तिलाही दिलं. साखर लिहायची वही दिली. स्टीलची एक वाटी दिली. भात, डाळ, पोहे मोजायला एकसारख्या वाट्या आम्ही आणून ठेवल्या होत्या. आणि एक कागद दिला. त्यावर खाण्याच्या पदार्थांची चित्रं होती, प्रत्येकापुढे त्यात साखर बनवणारा भाग किती ते छापलेलं. भात एक वाटी, पोळी एक, भाकरी एक. 'एक भाकरी' म्हणजे किती, हे धरून डॉक्टर दुपारच्या आणि संध्याकाळच्या सुईचं माप ठरवत. तो कागद कुठून तरी मोठ्या शहरातून आलेला होता, आणि मी त्याच्या झेरॉक्स काढकाढून वाटत आले होते.

महिन्यानं सुरेखा वही घेऊन आली. एकही रकाना रिकामा नव्हता. अक्षर मोठं, पण नीट. जेवणात काय होतं ते तिनं चित्रानं मांडलं होतं, भाताला ठिपके आणि भाकरीला गोल. आणि जेवणानंतरची साखर बघितली तर तीनशे, तीनशे वीस, दोनशे नव्वद. मधेच एखाद्या दिवशी दीडशे.

माझं डोकं फिरलं. "काय चोरून खायला देताय पोरीला?" मी विचारलं.

"काय न्हाय, सिस्टर. तुमी सांगितलं तेवडंच देते."

"तेवढंच दिलं असतं तर एवढी साखर चढली असती का? शेजारी काही देत असतील. आजी-मावशी कुणी?"

"कुणी न्हाय. मी डब्याला सोता कुलूप लावलंय."

"मग साखर काय हवेतून आली?"

डॉक्टर औषध वाढवायला निघाले होते. मीच त्यांना म्हटलं, थांबा, आधी घरचं खाणं ताळ्यावर येऊ द्या. त्यांचा माझ्यावर भरवसा होता. सुरेखाला मी पाच-सात मिनिटं चांगलं फैलावर घेतलं. डोळे जातील, मूत्रपिंड जाईल, सगळं ऐकवलं. पल्लवी शेजारी उभी होती. सुरेखानं मान खाली घातली नाही, माझ्याकडे बघत राहिली आणि शेवटी "बरं" म्हणून गेली.

पुढच्या महिन्यात वही बघते तर साखर एकशे चाळीस, एकशे तीस, एकशे साठ. मी खूश. डॉक्टरांना हाक मारून वही दाखवली. वर मी सुरेखाला म्हणाले, "बघा, बोललं की होतं. उगीच नाही मी ओरडत." बाहेर बसलेल्या दुसऱ्या आयांनाही ती वही दाखवली. भाकरीचे गोल आता अर्धेच काढलेले होते. ते मी पाहिले, पण माझं लक्ष होतं आकड्यांवर. वाटलं, लिहायचा कंटाळा आला असेल.

तिसऱ्या वेळी, मेच्या शेवटी, पल्लवीला वजनकाट्यावर उभं केलं तर वजन एक किलोनं उतरलं होतं. या मुलांना इन्शुलिन सुरू झालं की वजन वाढतं. साखर चांगली आणि वजन कमी, हे गणित जमेना. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी सुरेखाकडे. तिनं पिशवीतून फडकं काढलं आणि माझ्या टेबलावर सोडलं. आत दोन भाकरी होत्या. एक माझ्या तळहाताएवढी, पातळ. दुसरी ताटभर.

"सिस्टर," ती म्हणाली, "तुमच्या कागदावरची भाकरी किती पिटाची असती?"

 तोवरच्या इतक्या वर्षांच्या कामात मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. माझ्या घरी पोळ्या होतात. भाकरी कधीतरी, हौसेनं, आणि तीही मी करते ती लहानच.

डॉक्टरांनी तो कागद हातात घेतला, मागचीपुढची बाजू पाहिली. खाली अगदी बारीक अक्षरात छापलेलं होतं, झेरॉक्स काढून काढून ते पुसट झालं होतं. त्यांनी भिंग लावून वाचलं. तीस ग्रॅम पीठ.

"आमची पंच्याहत्तरची," सुरेखा म्हणाली. "केंद्रावर तेवडीच करावी लागती. हात त्यालाच बसलाय."

मग तिनं सांगितलं ते असं. पहिल्या महिन्यात मी झापल्यावर घरी जाऊन ती वही घेऊन बसली. तिला दिसलं की भाताच्या दिवशी साखर नीट असते आणि भाकरीच्या दिवशी चढते. भात मी दिलेल्या वाटीनं मोजलेला होता, म्हणजे तो माझ्या मापाचा होता. भाकरी तिच्या मापाची होती. सुईचं माप आपल्या मनानं बदलायचं नाही, हे मी तिला दरडावून सांगितलं होतं. तेव्हा तिनं त्याला हात लावला नाही. तिच्या हातात राहिली भाकरी. तिनं ती अर्धी केली आणि साखर उतरली.

"मागच्या वेळी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तुमी लई खूश झाला हुता की. मला वाटलं, ह्या आजारात येवडंच खायचं असतंय. काकडी देते, ताक देते, पोट भराय पायजे म्हणून. पर राती पाणी पिऊन झोपती. परवा इचारलं तिनं, आई, मी बरी झाल्यावर आख्खी भाकरी देशील का. मी काय सांगू तिला, सिस्टर? बरी तर व्हायची न्हाय ती. म्हणून तुमाला इचाराय आले."

दोन महिने त्या पोरीला मी उपाशी ठेवलं होतं, आणि त्या उपासाची वही मी चार लोकांना दाखवून मिरवली होती. पण त्या क्षणी मला लाजेपेक्षाही जास्त नवल वाटत होतं. माझ्याकडे पदविका होती, भिंतीवर चित्र होतं, शेजारी डॉक्टर होते. हिच्याकडे होती फक्त एक वही आणि डब्याला लावलेलं कुलूप. माझ्या शिव्या खाऊन घरी गेलेली बाई रडत बसली नाही की देवऋषीकडे गेली नाही. तिनं दोन अन्नं समोरासमोर ठेवली आणि चूक शोधून काढली.

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तुमचं काय चुकलं? कागद चुकला." ते काही खरं नव्हतं, पण तिनं विषय तिथंच संपवला.

डॉक्टरांनी पंच्याहत्तर ग्रॅमच्या आख्ख्या भाकरीसाठी सुईचं नवं माप लिहून दिलं. ते आधीच्या दुपटीच्याही वर होतं. मला म्हणाले, "पहिल्या जेवणाला तुम्ही जवळ थांबा. पीठ पंच्याहत्तरच्या ऐवजी पन्नास निघालं तर पोरीची साखर कोसळेल." सुरेखाला रजा मिळण्यासारखी नव्हती, शाळेला सुट्टी होती, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मीच भाकरी केंद्रावर गेले. पल्लवी तिथं एका पोत्यावर बसून चित्रं रंगवत होती.

पत्र्याची लांब खोली. आठ-दहा चुली एका रांगेत आणि प्रत्येकीपुढे एक बाई. कुणाचं लक्ष हाताकडे नव्हतं. बोलणं चाललेलं, हसणं चाललेलं, हात आपले थापतायत. मी पर्समधून दवाखान्याचा छोटा वजनकाटा काढला. सुरेखाला म्हटलं, "प्रत्येक वेळी पीठ मोजूनच घ्यायचं. अंदाजानं चालणार नाही. औषध वाढलंय."

"मोजा की," ती म्हणाली. तिनं डब्यात हात घातला आणि ओंजळीतलं पीठ काट्यावर सोडलं. पंच्याहत्तर. मी ते परत डब्यात ओतलं. तिनं पुन्हा घेतलं. चौऱ्याहत्तर. पुन्हा, पंच्याहत्तर. मी म्हटलं, अर्ध्या भाकरीचं घ्या. अडतीस. मी म्हटलं, आता आख्ख्या भाकरीचं, डोळे मिटून. तिनं मिटले. शहात्तर आले तेव्हा बाकीच्या बायका हसल्या, आणि शेजारची म्हणाली, "सुरेखा, एक गिराम जादा घेतलंस की गं." मग मला प्रयत्न करायला लावला. मी पहिल्यांदा त्र्याण्णव घेतलं आणि दुसऱ्यांदा एकसष्ट.

मी इतकी वर्षं बाटलीतून औषध ओढताना सिरिंजवरच्या बारीक रेघा बघत आले होते. माझ्या हाताला कधी इतकं कळलं नाही. आणि या हाताला मी माझ्या झेरॉक्सवरून माप शिकवायला निघाले होते.

सुरेखानं भाकरी थापली, भाजली. पल्लवीला सुई दिली. पंधरा मिनिटांनी ताट वाढलं, वांग्याची भाजी आणि आख्खी भाकरी. पल्लवीनं सवयीनं भाकरीचे दोन तुकडे केले आणि एक आईकडे सरकवला. सुरेखानं तो परत तिच्या ताटात ठेवला. "आख्खी तुजीच हाय."

पोरीनं आईकडे पाहिलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती खाली बघून खायला लागली. हळूहळू, आणि मधून मधून एकदा मान वर करून माझ्याकडे बघत, की मी अजून हो म्हणतेय ना. शेवटचा तुकडा तिनं ताटातल्या भाजीच्या रश्श्यावरून फिरवून तोंडात टाकला. सुरेखानं पुढची भाकरी तव्यावर टाकली, पण ती उलटायची विसरली. तिच्या हातून करपलेली भाकरी त्या बायकांनी पहिल्यांदाच पाहिली असावी, कारण कुणी हसलं नाही.

मला दोन तास तिथं बसायचं होतं. तासाभरानं साखर पाहिली, मग दोन तासांनी. एकशे अठ्ठेचाळीस. मी आकडा मोठ्यानं वाचला. सुरेखानं पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. दवाखान्यातल्या त्या पहिल्या दिवसांत किंवा मी झापल्यावरही कधीच न रडलेली ती बाई तेव्हा रडली. बाकीच्यांचे हात थांबले.

आता पल्लवी सोळा वर्षांची आहे. आपली सुई आपण घेते आणि साखर लिहून ठेवायला आईइतकी काटेकोर नाही, म्हणून दोघींची भांडणं होतात. आमच्या दवाखान्याचा कागद बदलला. आता त्यावर भाकरी ग्रॅममध्ये आहे, आणि नवं मूल आलं की सिस्टर पहिल्यांदा विचारते, तुमच्या घरी भाकरी केवढी होते. निवृत्त होईपर्यंत मी सुरेखाला महिन्यातून एकदा नव्या आईबापांसमोर बसवत असे. ती उपदेश करत नसे. पीठ घ्यायला लावायची, तोलायला लावायची. अक्कलकोटकडचा एक कन्नड बोलणारा बाप होता, मराठी जेमतेम कळणारा. दोघांची भाषा एक नव्हती, तरी त्याची मूठ तिनं अर्ध्या तासात साठ ग्रॅमवर आणून ठेवली.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. आकडा आल्यावर सुरेखानं मलाही जेवायला बसवलं. पल्लवीच्या शेजारी पोत्यावर मी बसले. ताटात तसलीच भाकरी, गरम, वर शेंगाची चटणी. भूक लागली होती, पण पंच्याहत्तर ग्रॅमची ती भाकरी मला जाईना. मी अर्धी खाल्ली आणि उरलेली अर्धी ताटाच्या कडेला सरकवली.

पल्लवी ते बघत होती. जरा वेळ थांबून ती माझ्याकडे सरकली आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात तिनं विचारलं, "सिस्टर, तुमालापण सुई हाय का?"

मी उरलेली अर्धी भाकरी ओढून घेतली आणि तिच्यासमोर शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.